धप्पाबाईंना निरोप देण्याआधी

आदरणीय अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापिका, भूकंपमापन केंद्रातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे शास्त्रज्ञ सर, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपणा सर्वांच्या लाडक्या बाई, शाळेचा शिक्षकवृंद, समोर बसलेले पालक बंधू-भगिनी, आणि पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे ढुंकूनही न बघता माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ताईंच्या हातांकडे बघणारी माझी सगळी लेकरं, आपणा सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

सुरुवातीलाच अध्यक्ष महोदयांना एक नम्र विनंती. आपली खुर्ची जरा पुढे घ्याल का? अजून थोडी. आपल्या डोक्यावर संस्थापकांची तसबीर आहे, आणि ती ज्या खिळ्याला अडकवली आहे तो खिळा मी मघापासून बघतेय. संस्थापकांबद्दल मला नितांत आदर आहे, खिळ्याबद्दल नाही. घेतलीत? आभारी आहे. आणि अहो, मागच्या दारापाशी उभे असलेले काका, ते दार लोटू नका हो. वारा येऊ दे, धूळ येऊ दे, पण दार उघडं राहू दे. हसा, खुशाल हसा. हल्ली मी कुठेही गेले की आधी दारं बघते आणि मग माणसं. परवा एका मैत्रिणीच्या नव्या घरी चहाला गेले, तर "घर किती छान" म्हणायचं सोडून "हे कपाट भिंतीला बांधलंय का गं?" असं विचारून बसले. तिनं मला अजून परत बोलावलेलं नाही.

तर, मी पालक संघाची सचिव. बाजाराच्या कोपऱ्यावर माझं शिवणाचं दुकान आहे, या मुलांचे गणवेश मीच शिवते. पालक संघानं मला बजावून पाठवलंय की बाईंविषयी चांगलं बोला, थोडक्यात बोला आणि चिडू नका. चांगलं तर बोलेनच. थोडक्यात बोलायचा प्रयत्न करते. न चिडण्याचं मात्र मी कुणाला वचन दिलेलं नाही. आणि ताई, तुम्हालाही आत्ताच सांगते. तुम्ही माझं बोलणं खुणांनी मुलांना सांगताय, त्याबद्दल तुमचे उपकार. पण मागच्या सभेत मी "भडकले" म्हटलं आणि तुम्ही "थोडी नाराज" अशी खूण केलीत. माझ्या मुलीनं घरी येऊन मला विचारलं, "तू नाराज होतीस तर टेबलावर हात का आपटत होतीस?" आज असं करू नका. जसं बोलेन तसं सांगा.

काही पाहुणे आज पहिल्यांदाच आले आहेत, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. आपली शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची. खालचा मजला विटांचा आणि फरशीचा. वरचा जुना, त्याला फळ्यांची जमीन. त्या फळ्यांना नावं ठेवणारे पुष्कळ होते. करकरतात, फटी पडल्यात, पोरांच्या पेन्सिली खाली जातात. पण बाईंचं अर्धं शिकवणं त्या फळ्यांवर चालायचं. आता मला सांगा, पाठमोऱ्या उभ्या असलेल्या, ऐकू न येणाऱ्या मुलाला हाक कशी मारायची? तुम्ही-आम्ही नावानं ओरडतो, सगळ्या गल्लीला कळतं कुणाची आई तापलीय ते. इथे घसा बसेपर्यंत ओरडलं तरी उपयोग शून्य. बाई काय करायच्या, तर फळीवर टाच आपटायच्या. धप्प! वर्गभर फळ्या थरारायच्या, पोरांच्या तळव्यांना ते कळायचं आणि सगळ्या माना एकदम वळायच्या. एक धप्पा म्हणजे इकडे बघा. आणि शाळा सुटायच्या वेळी, किंवा कुणाला जेवायचं भान नसेल तेव्हा, बाई दोन्ही पायांनी धपाधप धपाधप नाचल्यासारखं करायच्या. त्याचा अर्थ, असाल तिथून माझ्याकडे या. मग कुणी कोपऱ्यातून, कुणी व्हरांड्यातून, कुणी जिन्यावरून अशी सगळी पोरं बाईंभोवती गोळा.

म्हणून त्या धप्पाबाई. आपल्या शाळेत प्रत्येकाच्या नावाची एक खूण असते, तशी बाईंचीही आहे. एका हाताची मूठ दुसऱ्या तळहातावर आपटायची, झाल्या बाई. मुख्याध्यापिकांची खूण चष्म्याची. अध्यक्ष महोदयांची कसली आहे ते मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. बघा, पहिली रांग कशी खुसखुसतेय. ताई, मी नाही म्हटलं होतं ना!

आता माझ्या मुलीबद्दल. तिला आम्ही खार म्हणतो, कारण ती एका जागी बसलेली मी फक्त झोपेत बघितलीय. या शाळेत आली तेव्हा ती कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. कशी देणार? सगळं जग आपलं तोंड हलवतंय आणि आपल्याला काही कळत नाही, मग बघायचं कशाला? बाईंनी तिला बघायला शिकवलं. मला आठवतंय, पहिल्या काही आठवड्यांत मी दाराआडून बघत उभी होते. बाईंनी टाच आपटली, आणि माझी पाठमोरी मुलगी गर्रकन वळली. मी तिथेच रडले. घरी जाऊन आमच्या सासऱ्यांना सांगितलं, "हाक मारली की वळते हो आपली खार." सासरे म्हणाले, "मग तूही आपट की पाय." आमच्या घरात फरशी आहे. मी पाय आपटला, टाच दुखवून बसले आणि पोरगी शांतपणे चित्र काढत राहिली. बाईंचं चांगलं बोला म्हणालात ना, तर हे माझं चांगलं. याहून चांगलं माझ्याकडे नाही.

आणि आता भूकंप. थांबा, दार उघडंच आहे ना? हं.

आपल्या गावात भूकंप होईल असं वर्षभरापूर्वी कुणी म्हटलं असतं, तर त्याला आपण वेड्यात काढलं असतं. आमचे सासरे सांगायचे, "समुद्र इथून कुठल्या कुठे, मोठे डोंगर त्याहून लांब. आपल्या पायाखाली अखंड खडक आहे. विहीर खणायला घेतली तर पहार वाकते." असं सांगायचे की जणू तो खडक त्यांनीच आणून बसवलाय. सगळं गावच तसं बोलायचं. शास्त्रज्ञ सरांनी नंतर आम्हाला समजावलं. खडक आहे, जुना आहे, पण जुन्या खडकाला जुन्या भेगाही असतात. त्या पिढ्यानपिढ्या गप्प राहतात, माणसं विसरून जातात. मग विसरलेली माणसं घरं बांधतात. जड छपरं, मातीत रचलेल्या भिंती, डोक्याएवढ्या उंचीवर डबे आणि हंडे. सर तेव्हा जे बोलले ते मला पाठ झालंय. म्हणाले, "जमीन कधी हलेल ते मला सांगता येणार नाही. पण हलली तर तुमच्या खोलीतलं काय पडेल ते मी आत्ता बोट ठेवून सांगतो." आणि खरंच सांगितलं. आमच्या दुकानात आले आणि माझ्या डोक्यावरच्या फळीवरच्या कापडाच्या ठाणांकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी सगळी ठाणं खाली. हल्ली गिऱ्हाइकं विचारतात, "काकू, दुकान जमिनीवर का मांडलंय? हलवताय की काय?" मी म्हणते, मी नाही हो हलवत.

पण हे सगळं नंतरचं. पहिला हादरा आला त्या दिवशी आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं. वर चित्रकलेचा तास चालला होता. खार ब्रश धुवायला खाली आली होती. बाहेरचा तो लाकडी जिना आहे ना, त्याच्या तळाशी नळ आहे. शेवटच्या पायरीवर ती अनवाणी उभी, समोर मोकळं अंगण. आणि जमीन हलली.

वर वर्गात काय झालं ते मला बाईंनीच सांगितलंय. त्यांना आधी आवाज आला, एखादा जड ट्रक भिंतीतून यावा तसा. मुलांना आवाज नाही, त्यांना फक्त फळ्या. तेव्हा सगळ्या माना वळल्या. छताची माती पडतेय, खिडक्या खडखडतायत आणि ही गुणी पोरं बाईंकडे बघतायत, की काय बाई, हाक मारलीत? बाईंनी डोकं शाबूत ठेवलं. त्या सरळ टेबलाखाली शिरल्या, टेबलाचा पाय घट्ट धरला, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावरच असल्यामुळे सगळी पोरं तश्शीच आपापल्या बाकाखाली शिरली. वर्गातल्या एकाही मुलाला ओरखडा आला नाही. यासाठी टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजवा. ऐकू न येणाऱ्यांच्या टाळ्या हात वर करून, पंजे हलवून वाजवतात, तशा वाजवा.

धन्यवाद. आता हात खाली घ्या, कारण पुढचं सांगायचंय.

माझी मुलगी मोकळ्या अंगणात होती. पूर्ण सुरक्षित. तिच्या तळव्याखालची पायरी धपाधप धपाधप हलायला लागली. तिला काय वाटलं असेल? बाई दोन्ही पायांनी बोलावतायत. असाल तिथून या. आणि माझी खार ब्रश टाकून जिना चढून वर धावत गेली. आत. ती दारात पोचायला आणि मातीच्या खेळण्यांचं कपाट आडवं व्हायला एकच गाठ पडली. मनगट त्याच्याखाली सापडलं.

हाताचं हाड मोडलं, डोक्यावर पडलं नाही, नशीब म्हणा, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी म्हटलंही तसं. पण ज्यांच्या घरात असं मूल नाही त्यांना सांगते. तिचं बोलणं हातांत आहे. तिच्या उजव्या हाताला प्लास्टर घातलं तेव्हा तिच्या तोंडातच अर्धा बोळा कोंबला. एका हाताच्या खुणा करायची, दोन हातांच्या आल्या की अडकायची आणि चिडून रडायची. बाईंचं नावसुद्धा तिला घेता येईना, कारण त्याला मूठही लागते आणि तळहातही. मग ती डावी मूठ माझ्या पाठीवर आपटायची. मी समजायची, बाईंबद्दल विचारतेय.

आणि हो, मी शाळेत आले होते. मुख्याध्यापिकांना आठवत असेल, शिपाईकाकांनाही आठवत असेल, ते मधे पडले होते बिचारे. मी बाईंना सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्या पायानं माझी मुलगी वर ओढली. जमीन हलली की बाईंकडे धावायचं, हे शिकवलंत तुम्ही माझ्या पोरीला!" आणखीही बरंच म्हटलं. ताई, "भडकले" अशीच खूण करा. बाईंनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि मांजरीसारख्या हलक्या पावलांनी खोलीबाहेर गेल्या. त्या दिवसापासून बाईंनी पाय आपटलेला नाही. मी जे बोलले ते मी आजही मागे घेत नाही. खरं होतं ते.

त्यानंतर आपण काय काय केलं ते तुम्ही जाणताच. वरच्या मजल्याला कुलूप लागलं, वर्ग खाली आले, कपाटं भिंतींना जखडली, बोलावण्यासाठी बॅटरीवरचे दिवे बसवले. अध्यक्ष महोदय, यात आपण कुठेही हात आखडता घेतला नाहीत, हे मला जाहीरपणे सांगायलाच हवं. पण घरोघरी वाटलेला भूकंपाच्या सूचनांचा कागद वाचताना माझा जीव खालीवर व्हायचा. अडकलात तर हाका मारा. शिट्टी वाजवा. आवाजाच्या दिशेनं जा. अहो, कुणाच्या आवाजाच्या? माझी मुलगी शिट्टी वाजवेल, पण वाजली का नाही हे तिला कोण सांगणार? शास्त्रज्ञ सरांनी ते ऐकून घेतलं आणि आमच्याबरोबर बसून नवा कागद लिहिला. त्यात पहिली वस्तू टॉर्च. तुमच्या घरात टॉर्च वाट दिसायला असते. आमच्या घरात ती बोलायला लागते, कारण अंधारात हात दिसत नाहीत आणि हात दिसले नाहीत की आम्ही मुके.

सासऱ्यांनी तर घरात स्वतःचंच भूकंपमापन केंद्र उघडलं होतं. टेबलावर बाटली उलटी उभी करायची, तिच्याखाली स्टीलचं ताट. हादरा आला की बाटली पडणार, ताट वाजणार. आयडिया चांगली होती. फक्त त्याच टेबलाला लागून माझं शिलाई मशीन आहे. मी जाड कापड घेतलं की बाटली खण्णकन ताटात, आणि सासरे चपला हातात घेऊन रस्त्यावर. शेजाऱ्यांनी एकदा त्यांना अंगणात खुर्चीच आणून दिली, म्हणाले, "आजोबा, तुमच्या सूनबाईंच्या पॅन्टी संपेपर्यंत बसा इथेच." शेवटी त्यांनीच मला विचारलं, "मशीनचं हलणं कुठलं आणि जमिनीचं कुठलं, हे मला कळेना, तर त्या लेकराला कसं कळणार गं?" तेव्हा मी मशीन थांबवलं.

कारण जमीन काही थांबलेली नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको. आठवड्याला एखादा येतोच. आता तर माणसं सवयीला आली. "आला?" "आला." "मोठा?" "छे, चहा सांडला नाही." पुढे मोठा येईल की हळूहळू सगळं निवेल, सरांनी स्पष्ट सांगितलंय, कुणालाच ठाऊक नाही. तोवर असं जगायचं. रोज सकाळी मुलीला शाळेत सोडताना मी कमानीपासून दोनदा मागे वळते, आणि तरी मी सोडते, कारण घरही त्याच जमिनीवर आहे.

आता मुद्द्यावर येते. निमंत्रणपत्रिकेत छापलंय, "प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त होत असलेल्या". अक्षर सुंदर, कागद गुळगुळीत, आणि मजकूर खोटा. माफ करा, मुख्याध्यापिका, पण खोटाच. बाईंच्या निवृत्तीला अजून अवकाश आहे. बाई राजीनामा देऊन चालल्या आहेत, आणि का चालल्या आहेत ते या सभागृहात फार थोड्यांना माहीत आहे.

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत हादरा आला, आठवतोय? मी तेव्हा गणवेश द्यायला शाळेत आले होते. मुलं मैदानात खेळत होती. बाई एकट्याच वर्गात भिंतीवर तक्ते चिकटवत होत्या. जमीन हलली, मी कमानीपाशी होते ती मागे रस्त्यावर सरकले, आणि माझ्या डोळ्यांदेखत मैदानातली पोरं वळली आणि सगळीच्या सगळी वर्गात धावली. मोकळं मैदान सोडून आत! सगळ्यात पुढे माझी खार, प्लास्टरचा हात छातीशी धरून. मी किंचाळले. कुणासाठी किंचाळले? कुणाला ऐकू जाणार होतं? काही पडलं नाही. हादरा छोटा होता, तक्तेसुद्धा जागेवर राहिले. बाई मुलांना घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मुलं त्यांच्या कपड्यांना धरून होती आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

दोन दिवसांनी बाई माझ्या दुकानात आल्या. मी म्हटलं, बसा. त्या बसल्या नाहीत.

म्हणाल्या, "खारीच्या आई, तुम्ही बरोबर होतात. मी पाय आपटणं सोडलं, पण त्यांच्या पायांतून ते गेलेलं नाही. जमीन हलली की मी असेन तिकडे पोरं धावणार. मी आत असले तर आत."

मी म्हटलं, "मग तुम्ही काय करणार?"

"मी नसलेच, तर धावतील कुणाकडे? मी जाते."

मी काय म्हणाले असेन? तुम्हाला वाटेल, मी त्यांना थांबवलं. नाही थांबवलं. मला ते पटलं. आतून वाईट वाटलं, पण पटलं. त्या गेल्यावर मी अर्धवट राहिलेला सदरा शिवायला घेतला आणि बाही उलटी लावली. मुख्याध्यापिकांना पटलं, अध्यक्ष महोदयांना नाइलाजानं पटलं. आम्ही सगळी शहाणी माणसं आपापसात बोललो, मान डोलावली आणि हा समारंभ ठरवला.

एक गोष्ट आम्ही केली नाही. आम्ही मुलांना विचारलं नाही.

चार दिवसांपूर्वी खारीचं प्लास्टर काढलं. हात बारीक झालाय, पण बोलतोय. आणि आज सकाळी मी तिचे केस विंचरताना तिला सांगितलं की आज बाईंचा निरोप आहे, बाई शाळा सोडून जाणार. तिनं विचारलं, का? मी लपवलं नाही. सांगितलं, तुम्ही जमीन हलली की बाईंकडे धावता, बाईंनी बोलावलंय असं तुम्हाला वाटतं, म्हणून. खार माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच वेडी. मग दोन्ही हातांनी, सावकाश, एखाद्या ढ मुलाला समजवावं तसं तिनं मला सांगितलं. मी तिच्या खुणा जशाच्या तशा सांगते.

"पहिल्या वेळी मला वाटलं, बाई बोलावतायत. दुसऱ्या वेळी नाही वाटलं. आता आम्हाला माहितीय. बाईंचा पाय एका जागेवरून येतो. भूकंप सगळीकडून येतो."

मी विचारलं, "मग कळत होतं तर आत कशाला गेलात?"

तर म्हणाली, "बाई आत होत्या. त्या तक्ते लावत होत्या, त्यांची पाठ होती. पाठ असली की कळत नाही. आम्ही त्यांना आणायला गेलो."

मी तिला म्हटलं, "अगं, बाईंना ऐकू येतं." तर तिनं खांदे उडवले. तिच्या लेखी पाठमोरं माणूस म्हणजे ज्याला कुणीतरी जाऊन बोलवायला हवं ते माणूस.

माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला हो. मी आज इथे यायला उशीर केला, पालक संघाच्या अध्यक्षांनी डोळे वटारले, त्याचं कारण हे.

ताई, आता मी जे विचारणार आहे ते मुलांना नीट विचारा, काही मऊ करू नका. मुलांनो, मधल्या सुट्टीत भूकंप आला त्या दिवशी बाईंना बाहेर आणायला कोण कोण आत गेलं होतं? हात वर करा.

बघा.

बाई, मान खाली घालू नका. वर बघा. मी म्हणतेय म्हणून नको, पहिल्या रांगेकडे बघा. तो सगळ्यात कडेला बसलेला लांब नाकाचा, तो दोन्ही हात वर करतोय. त्याला वाटतंय एकानं दिसायचं नाही.

अध्यक्ष महोदय, मला या हातांचा आनंद होत नाहीये. मला भीती वाटतेय. पाय आपटण्याची सवय ही सवय होती, ती मोडता आली असती. हे वेगळं आहे. ही पोरं चुकून नाही, समजून-उमजून पडत्या घरात शिरणार आहेत, आणि का, तर त्यांचं एक माणूस आत आहे. हे कुठल्या दिव्यानं आणि कुठल्या कागदानं थांबणार? आणि बाई, तुम्ही निघून गेलात तर ती धावायची थांबतील, हा तुमचा हिशोब होता ना? अहो, तुम्ही गेलात हे त्यांना कळेलही, पण ज्या दिवशी जमीन हलेल त्या दिवशी ती तुम्हाला शोधायला प्रत्येक खोलीत जातील. तुम्ही दिसलात तर निदान बाहेर तरी येतील.

त्यांना एकच गोष्ट शिकवायची राहिलीय. बाई स्वतःच्या पायानं बाहेर येतात, आणि आपण बाहेर उभं राहून त्यांची वाट बघायची. पुन्हा पुन्हा करून दाखवायला हवं ते. पोरं मैदानात, बाई आत, आणि बाई येतात. पुन्हा आत, पुन्हा येतात. त्यांचा विश्वास बसेपर्यंत. हे मी करून चालणार नाही, मुख्याध्यापिकांनी करून चालणार नाही, उद्या येणाऱ्या नव्या बाईंना तर ही मुलं ओळखतही नाहीत. ज्या माणसाला आणायला ती आत धावली, त्याच माणसानं बाहेर येऊन दाखवायला हवं.

पालक संघानं मला निरोपाचं भाषण करायला सांगितलं होतं. ते माझ्याच्यानं झालेलं नाही, हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं असेल. शाळेनं हा समारंभ इतका सुरेख आयोजित केला, अध्यक्ष महोदयांनी खुर्चीसकट माझं ऐकलं, शास्त्रज्ञ सर इतक्या लांबून आले, ताईंनी माझा तोंडाचा पट्टा हातांवर झेलला, त्या सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, निमंत्रणपत्रिकेला नको ते बोलले असेन, वेळेचं तर पार वाटोळं केलंय, त्या सगळ्याबद्दल मोठ्या मनानं क्षमा करावी. मी शिवणारी बाई आहे, व्यासपीठावर रोज उभी राहत नाही.

कार्यक्रमात पुढे "सत्कारमूर्तींचे उत्तर" असं लिहिलंय. बाई, द्या उत्तर. माईक राहू दे बाजूला. हातांनी द्या, पहिल्या रांगेला विचारायचंय की सोमवारी तुम्ही येणार का.